मिरचीची तोडणीनंतरची निगा : वाळवण, साठवण आणि घरगुती उपयोग

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम व त्याच्या आसपासच्या गावांत कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके होत. तथापि विहिरीच्या पाण्याची थोडीबहुत सोय असलेल्या शेतात किंवा घरामागील वाडीत मिरचीचे चार वाफे नाहीत असे घर विरळा. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची तर आपल्या रंगामुळे व तिखटपणामुळे दूरवर प्रसिद्ध असून तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. रोपवाटिका, लागवड, खते व रोगनिवारण यांकडे शेतकरी पुष्कळ लक्ष देतो. परंतु फळ झाडावरून तुटले की काम संपले, पुढे ऊन काय ते करील, अशी समजूत अजूनही सर्वत्र आढळते. ही समजूत महागात पडते. सहा महिने राबून आणलेले पीक तोडणीनंतरच्या पंधरवड्यात बिघडू शकते, आणि एकदा बिघडलेली मिरची कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही.

सेवाग्रामशी मिरचीचे नाते थोडे वेगळेही आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव या गावी राहावयास आले व १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमाच्या व्रतांत अस्वाद हे एक व्रत होते. त्यामुळे तेथील स्वयंपाकघरात तिखटाला स्थान नव्हते. मात्र त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चालू होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व जे. सी. कुमारप्पा यांनी वाढविलेल्या या संघाची दृष्टी अशी होती की, शेतात पिकलेल्या मालावरील प्रक्रिया शक्यतो गावातच, गावातील साधनांनी व्हावी आणि तिचा मोबदला गावातच राहावा. मिरचीचे वाळवण, निवड, दळण व लोणचे ही कामे या विचारात तंतोतंत बसणारी आहेत. त्यांस लागते ते भांडवल थोडे. काळजी मात्र पुष्कळ लागते.

मिरची का बिघडते?

झाडावर पूर्ण पिकून लाल झालेल्या ताज्या मिरचीत सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. हे पाणी आहे तोवर बुरशी व जंतू यांना मिरची हे उत्तम खाद्य होय. ओलावा शेकडा १० ते ११ पर्यंत उतरला म्हणजे बुरशीची वाढ थांबते आणि मिरची दीर्घकाळ टिकते. म्हणून मिरची टिकविणे म्हणजे तिच्यातील पाणी लवकर, स्वच्छ जागी व सारख्या प्रमाणात काढून टाकणे, आणि ते पुन्हा आत शिरू न देणे. पुढील सर्व सूचना या एकाच सूत्रावर आधारलेल्या आहेत.

बुरशीमुळे होणारी हानी केवळ रंगाची व भावाची नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे पक्षी फार मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. शोध घेता त्यांना खाऊ घातलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने तयार केलेले विष आढळले. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. हीच बुरशी ओलसर राहिलेल्या मिरचीवरही वाढते. हे विष यकृताला अपाय करते व दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताच्या कर्करोगास कारण होते, हे आता निर्विवाद ठरले आहे. त्याला वास नाही, चव नाही. फोडणीत किंवा रस्सा उकळताना ते नाहीसे होत नाही. बुरशी पुसून काढली तरी विष आत राहते, आणि मिरची दळली की दोष डोळ्यांआड होतो. म्हणूनच परदेशी जाणाऱ्या मिरचीची या विषासाठी तपासणी होते आणि मर्यादेबाहेरचा माल परत पाठविला जातो. बुरशी आलेली मिरची "घरच्यापुरती" म्हणून बाजूला ठेवण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती सर्वांत घातक होय. जो माल विकण्यास योग्य नाही, तो घरच्या मुलाबाळांच्या ताटात वाढण्यास मुळीच योग्य नाही.

तोडणी

वाळविण्यासाठी ठेवावयाची फळे झाडावर पूर्ण लाल झाल्यावरच तोडावीत. अर्धवट रंगलेली फळे वाळल्यावर फिकट व डागाळलेली दिसतात. तोडणी देठासह करावी. देठाजवळ फळ फाटले तर तेथूनच कूज सुरू होते. हिवाळ्यात सकाळी झाडावर दव असते, म्हणून ते उडाल्यानंतर तोडणीस आरंभ करावा. पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडणी करू नये. कीटकनाशक किंवा बुरशीनाशक फवारले असल्यास त्याच्या वेष्टनावर लिहिलेले प्रतीक्षेचे दिवस पूर्ण झाल्याखेरीज फळांना हात लावू नये.

तोडतानाच दोन टोपल्या जवळ ठेवाव्यात. निरोगी फळे एकीत व फळकुजीचे काळे खोलगट डाग पडलेली, किडलेली किंवा जमिनीवर गळून पडलेली फळे दुसरीत घालावीत. रोगट फळे बांधावर फेकू नयेत, खड्ड्यात पुरावीत. ही निवड शेतातच केली असता वेळ थोडा लागतो. वाळल्यानंतर तेच काम दुप्पट कष्टाचे होते आणि तोवर रोगट फळांतील बुरशी चांगल्या फळांवर पसरलेली असते.

तोडलेली मिरची दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी पातळ ढीग करून ठेवावी. त्यामुळे किंचित कमी रंगलेली फळे एकसारखी लाल होतात. मात्र ढीग उंच करू नये व पोत्यांत दाबून भरलेली मिरची तशीच ठेवू नये. ढिगात हात घातल्यास ऊब लागली तर तो तत्काळ पसरावा, कारण ऊब ही कूज सुरू झाल्याची खूण आहे.

वाळवण

मिरची शेतातील उघड्या मातीवर, शेणाने सारवलेल्या खळ्यावर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते. अशा मिरचीला माती, खडे, जनावरांची घाण व मातीतील बुरशीचे बीज चिकटते. कोंबड्या, कुत्री व उंदीर तिच्यावरून फिरतात ते वेगळेच. सिमेंटची गच्ची किंवा ओटा असल्यास तो स्वच्छ धुऊन, सुकवून वापरावा. नसल्यास स्वच्छ ताडपत्री अंथरावी. ताडपत्रीच्या खालून ओल येत नाही. परंतु वरच्या फळांचे पाणी तिच्यावर साचते, म्हणून फळे वारंवार हलवावी लागतात.

याहून चांगला व स्वस्त उपाय बांबूचा आहे. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर खुंट रोवून त्यांवर बांबूचा तट्टा किंवा जाळी ताणून बसवावी व तिच्यावर मिरची पसरावी. खालून व वरून वारा खेळल्यामुळे वाळवण लवकर होते, माती लागत नाही आणि ढग दाटून आल्यास दोन माणसे तट्टा उचलून आत नेऊ शकतात. गावातील बुरूड कारागिराकडून असे तट्टे करून घेतल्यास ते नीट जपून अनेक हंगाम वापरता येतात.

मिरचीचा थर चार बोटांपेक्षा जाड नसावा. दिवसातून किमान तीन वेळा फळे खालवर करावीत. पहिले तीन-चार दिवस याबाबत आळस करू नये, कारण या दिवसांतच फळात पाणी सर्वांत जास्त असते. सायंकाळी ऊन उतरण्यापूर्वी मिरची गोळा करून झाकून ठेवावी. रात्रभर उघड्यावर राहिलेली मिरची दवाने सर्दते आणि दिवसा गमावलेले पाणी रात्री परत मिळविते. सकाळी दव वाळल्यावर ती पुन्हा पसरावी. स्वच्छ उन्हात याप्रमाणे साधारणतः दहा ते पंधरा दिवसांत वाळवण पूर्ण होते.

विदर्भात पौष-माघात अवकाळी पाऊस व गारपीट यांचा अनुभव नवा नाही. या दिवसांत हवामानाच्या सूचनांकडे लक्ष ठेवावे व झाकण्याची ताडपत्री वाळवणीच्या जागीच ठेवावी. भिजलेली मिरची ढिगात राहू देऊ नये. उघडीप होईपर्यंत ती छपराखाली पातळ पसरून वाऱ्यावर ठेवावी आणि पुढे वेगळी वाळवून वेगळीच साठवावी. कोरड्या मालात मिसळू नये. पारदर्शक प्लास्टिकच्या आच्छादनाची सौर वाळवणी असल्यास दिवस निम्म्यावर येतात व धुळीपासूनही बचाव होते. परंतु तिच्यात दमट हवा बाहेर जाण्यासाठी वरच्या बाजूस मार्ग असलाच पाहिजे. अन्यथा मिरची वाळण्याऐवजी वाफेत शिजते. एकट्या छोट्या शेतकऱ्यास ती परवडत नसेल तर बचत गटाने किंवा शेतकरी गटाने मिळून उभारावी.

वाळली हे कसे ओळखावे?

अनुभवी स्त्रिया मूठभर मिरच्या कानाशी हलवून बिया वाजतात की नाही ते पाहतात. ही परीक्षा चांगली आहे. परंतु पुरेशी नाही, कारण साल वाळले तरी देठाच्या बुडाशी ओल राहते. म्हणून फळ देठाजवळ मोडून पाहावे. तेथे ते कडक लागले व देठ मऊपणे न वाकता तुटला म्हणजे मिरची वाळली. तिचा पार चुरा होत असेल तर ती अति वाळली असे समजावे. अशा मिरचीच्या बिया गळतात व तूट येते.

याहून खात्रीची परीक्षा तराजूची आहे. वाळवणीच्या आरंभीच जाळीच्या पिशवीत एक किलो ताजी मिरची भरून ती पिशवी इतर मिरचीबरोबरच ठेवावी व रोज सायंकाळी तिचे वजन करावे. वजन प्रथम झपाट्याने, नंतर सावकाश घटत जाते. लागोपाठ दोन स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते घटेनासे झाले म्हणजे वाळवण पूर्ण झाले असे समजावे. पिशवीतील फळे दाटीने न ठेवता तीही रोज हलवावीत.

येथे एका मोहाविषयी लिहिणे आवश्यक आहे. शेकडा ७५ ओलावा असलेल्या १०० किलो ताज्या मिरचीत २५ किलो कोरडा अंश असतो. ती शेकडा १० ओलाव्यापर्यंत वाळविल्यास सुमारे २७.८ किलो माल मिळतो. शेकडा १५ ओलाव्यावरच थांबविल्यास सुमारे २९.४ किलो मिळतो. म्हणजे कमी वाळविल्याने वजनात जेमतेम दीड किलोची भर पडते. या दीड किलोसाठी उरलेल्या सर्व मालावर बुरशीचे संकट ओढवून घेतले जाते. पोती भरताना मिरची तुटू नये किंवा वजन वाढावे म्हणून तिच्यावर पाणी शिंपडण्याची चाल तर याहून वाईट आहे. महिनाभरात त्याच पोत्यात पांढरी बुरशी दिसू लागते. पोती भरताना फळे फार ठिसूळ वाटल्यास पाणी न मारता सकाळच्या थंड वेळी भरावीत.

निवड व साठवण

वाळल्यानंतर मिरचीचे तीन भाग करावेत : अखंड व गडद लाल, फिकट किंवा तुटलेली, आणि पांढरी पडलेली किंवा बुरशी आलेली. पहिले दोन वेगवेगळे विकावेत किंवा वापरावेत. तिसरा नष्ट करावा. मिश्र मालाला व्यापारी त्यातील सर्वांत वाईट फळाचा भाव लावतो, हा बाजाराचा नियम आहे. भिवापूर-कुही भागात देठ खुडण्याच्या कामासाठी "सातरे" चालतात व त्यांतून असंख्य स्त्रियांना मजुरी मिळते. हेच काम गावातील गटाने स्वतःच्या मालावर केल्यास मजुरी व वाढीव भाव दोन्ही गावात राहतात. मात्र देठ काढलेल्या मिरचीत हवा व कीड लवकर शिरते. म्हणून लांब मुदतीसाठी ठेवावयाची मिरची देठासहच ठेवावी.

साठवणीची पोती नवी किंवा स्वच्छ धुऊन वाळविलेली असावीत. आत प्लास्टिकचे अस्तर असल्यास अधिक चांगले. ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. खोली कोरडी व अंधारी असावी, कारण उजेडाने लाल रंग उडतो. खते, कीटकनाशके व रॉकेल यांच्या शेजारी मिरची ठेवू नये. तिच्यात कसलीही कीटकनाशक भुकटी मिसळू नये. कडुनिंबाचा पाला किंवा हिंगाचे खडे घालण्याचा प्रघात जुना आहे. पण ओल राहिली असल्यास त्यांचा काही उपयोग होत नाही. पावसाळ्यात पोती वारंवार उघडू नयेत. मोठ्या प्रमाणावरील माल शीतगृहात ठेवल्यास त्याचा रंग व तिखटपणा महिनोन् महिने टिकतो.

तिखट

वर्षभराचे तिखट एकदम दळून ठेवण्यापेक्षा मिरची अखंड ठेवून दोन-तीन महिन्यांपुरते तिखट करावे. दळल्याने मिरचीचा रंग व वास हवेच्या संपर्कात येऊन लवकर उतरतो. दळण्यापूर्वी चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात मिरची एक-दोन दिवस तापवावी, देठे काढावीत व प्रत्येक फळ डोळ्याखालून घालावे. फोडल्यावर आत करडी किंवा हिरवट बुरशी दिसल्यास ते फळ टाकून द्यावे. गिरणीतून आलेले तिखट गरम असते. ते परातीत पसरून पूर्ण थंड झाल्यावरच बरणीत दाबून भरावे. गरम भरल्यास झाकणाला वाफ धरते व गोळे होतात.

बाजारातील तिखटाचा रंग नेहमी मिरचीचाच असतो असे नाही. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात सुदान नावाचा, अन्नात वापरण्यास बंदी असलेला रंग सापडला व या व्यापाराला मोठा धक्का बसला. गावात निवडून दळलेले शुद्ध तिखट विकणाऱ्या गटांना ग्राहकांचा विश्वास मिळतो तो याच कारणाने. विक्री करणाऱ्या गटाने अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी.

हिरव्या मिरचीचे पदार्थ

ताज्या मिरचीत क जीवनसत्त्व विपुल असते. हंगेरीतील शास्त्रज्ञ सेंट-ग्योर्गी यांनी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळविले ते तेथील मिरचीपासूनच; त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाळविताना त्याचा बराच भाग नष्ट होतो. म्हणून हंगामात थोडी मिरची ताजी खावी व भाव पडले असता उरलेल्या हिरव्या मिरचीचे टिकाऊ पदार्थ करावेत.

सांडगी मिरची : जाड सालीच्या हिरव्या मिरच्या धुऊन, पुसून, एका बाजूने चिराव्यात. मीठ, धने व मेथी यांची भरड पूड आणि हिंग भरून त्या आंबट ताकात रात्रभर बुडवाव्यात व दिवसा कडक उन्हात वाळवाव्यात. ताक संपेपर्यंत हा क्रम चालू ठेवून शेवटी खडखडीत वाळवाव्यात. आंबट ताक, मीठ व वाळवण ही तिन्ही मिळून मिरची टिकवितात.

लोणचे : मिरच्या धुतल्यावर पाण्याचा अंश राहू देऊ नये. एक किलो मिरचीस साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, मोहरीची पूड, हळद व हिंग घालून वर भरपूर लिंबाचा रस ओतावा. तेल कडकडीत तापवून पूर्ण थंड झाल्यावर घालावे. लोणचे तेलाने टिकते ही समजूत अपुरी आहे. ते टिकते मीठ व आंबटपणा यांमुळे. तेल केवळ वरून हवा अडविते. मीठ व लिंबू कमी करून तेल वाढविल्यास हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या विषारी जंतूंना वाव मिळतो. याच कारणास्तव लसूण घातलेला ताजा ठेचा हा तीन-चार दिवसांचा पदार्थ समजावा, साठवणीचा नव्हे.

हात व डोळे यांची काळजी

मिरचीचा तिखटपणा मुख्यतः बियांत नसून, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतील पांढऱ्या भागात असतो. त्यातील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हातांची आग नुसत्या पाण्याने शमत नाही. प्रथम हातांना तेल चोळून मग साबणाने धुवावे. देठ खुडण्यापूर्वीच हातांना तेल लावणे किंवा हातमोजे वापरणे अधिक बरे. निवड व कांडप करताना नाकातोंडावर कापड बांधावे, वाऱ्याकडे पाठ करून बसावे व तान्ह्या मुलांना जवळ आणू नये. डोळ्यात कण गेल्यास न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या सूचना केवळ सांगून थांबू नये. एकाच शेतातील, एकाच दिवशी तोडलेली वीस किलो मिरची घ्यावी. दहा किलो नेहमीप्रमाणे जमिनीवर व दहा किलो बांबूच्या तट्ट्यावर, रात्री झाकून, वाळवावी. दोन्हींचे लागलेले दिवस, अखेरचे वजन व खराब फळांची संख्या फळ्यावर लिहावी आणि दोन्ही नमुने ग्रामसभेत मांडावेत. नमुन्यांची थोडी मिरची पावसाळा संपेपर्यंत वेगळी ठेवून पुन्हा सर्वांसमक्ष उघडावी. तट्ट्यासाठी व देखरेखीसाठी आलेला खर्चही त्याच फळ्यावर मांडावा, म्हणजे शेतकरी स्वतःच हिशेब करील. ज्या घरातील स्त्रिया मिरची वाळवितात व निवडतात, त्यांना या प्रात्यक्षिकास आवर्जून बोलवावे. कारण मिरचीचा शेवटचा निर्णय बाजारात नव्हे, तर त्यांच्या सुपात होतो.